आईचा आखडलेला खुबा

मेडशी, माघ वद्य तृतीया, सन १९३८

प्रिय रंगूताई,

सहा वर्षांनी माझं अक्षर पाहून दचकशील. आई जिवंत आहे, हे आधी सांगते, मग बाकीचं वाच. मार्गशीर्षात ती खळ्यावर पाय घसरून पडली. वाशीमच्या डॉक्टरांनी तपासलं, हाड शाबूत आहे म्हणाले. पण दीड महिना खाटेवर काढला आणि उजवा खुबा आखडला. मांडी घालता येत नाही, उकिडवं बसता येत नाही, परसाकडे जायलाही मी लागते. गावाचे पाय बसवणारी आपली आई, मनकर्णाबाई, स्वतःच पडून आहे, याची मनातून गंमत वाटणाऱ्या चार बाया रोज चौकशीला येतात. मी दातओठ खात त्यांना चहा पाजते.

खुबा हलवायचं काम माझ्याकडे आलं. आईची रीत तुला ठाऊक आहे. तीळतेल चोळायचं, गुडघा छातीकडे न्यायचा आणि माणूस बेसावध असताना झटका द्यायचा. मलाही तिनं तेच करायला लावलं. मागल्या सोमवारी मी डोळे मिटून ओढलं. जांघेत काहीतरी करकन वाजलं. दुसऱ्या दिवशी मांडी आतून काळीनिळी झाली. आधी जो पाय वीतभर उचलायची, तो आता चार बोटंही उचलेना.

तेव्हा मला हेमसिंग आठवला, तांड्यावरचा, तापानं महिनाभर पडून राहिलेला. त्याचा पाय आईच्या हातात होता आणि भरल्या ओसरीत तू म्हणालीस की सांधा अडलेला नाही, भोवतालचं मांस धरून बसलंय, ते सुटल्याशिवाय ओढू नको. आईनं ओढलं. तो अजून लंगडत बाजाराला येतो. चूक तिची होती, पण चारचौघांत बोललीस म्हणून तिनं तुला घराबाहेर काढलं. मी दाराआड उभी होते, एक शब्द बोलले नाही. त्याची मला फार लाज वाटते, ताई.

आता मी तुझ्यासारखं करते. गरम पाण्याच्या फडक्यानं शेकते, टाच तळहातावर घेते आणि पाय अगदी थोडा आतबाहेर फिरवते. पण आई श्वास रोखून धरते आणि मांडी लाकूड होते. तिचं लक्ष दुसरीकडे जावं म्हणून तूर कशी आली, शिरपूरच्या देवळात कोण यात्रेकरू आले, सगळं बोलून पाहिलं. काही उपयोग नाही. तिचा धीर सुटलाय. येत्या रविवारी किन्हीराजाहून जनावरांची हाडं बसवणारा माणूस बोलावते म्हणाली. तो दोन गड्यांना धरायला लावतो आणि ओढतो. दुखावलेलं मांस पुन्हा फाटलं तर ती उभी राहायची नाही. मी हात जोडले, रडले, भांडले. ऐकेल तर ती आपली आई कसली.

काल दुपारी पाय फिरवताना बोलायला काही उरलं नाही, म्हणून तुझं नाव काढलं. तू अकोल्याच्या दवाखान्यात आखडलेले पाय हळूहळू मोकळे करतेस, असं जगदेवमामा सांगत होते, एवढंच म्हटलं. तोच माझ्या हाताखाली मांडी सैल पडली, आणि पाय बाजूला इतका गेला जितका दीड महिन्यात गेला नव्हता. मी दचकून वर पाहिलं, तर तिच्या डोळ्यांतलं पाणी कानाकडे ओघळत होतं. तिनं तोंड भिंतीकडे वळवलं. मग म्हणाली, “रंगीले लिहून टाक. त्या दिशी मीच चुकली होती. रविवारच्या आत ये म्हनाव, तिच्या हाती पाय देतो.” शनिवारच्या मोटारीनं ये, ताई. तिनं हे माझ्याकडून दोनदा वाचून घेतलंय.

तुझी वाट पाहणारी, तुझीच
रुखमा