बोलका पंथ

३ मार्च

आज नोकरीवर रुजू झाले. एकोणसाठाव्या वर्षी! लेकीला फोन केला, तर म्हणाली, आई, आता तुझा डबा मी भरू का?

नोकरी लागली ती एका पत्रामुळे. हे गेल्यावर संध्याकाळ जाता जाईना, म्हणून त्यांच्या संगणकावरचा राज्यं चालवायचा खेळ उघडून बसायचे. त्यात एक मठ त्याच्या पंथाच्या ऐंशी वर्षं आधी बांधलेला निघाला. वाचनालयातली धर्मेतिहासाची दोन कपाटं मी वाचून संपवली आहेत. राहवलं नाही. खेळ बनवणाऱ्यांना अकरा पानी पत्र लिहिलं. उत्तराऐवजी बोलावणंच आलं.

चौथ्या मजल्यावर खिडकीजवळची जागा मिळाली. सगळे लेकीच्या वयाचे. जेवणाच्या सुट्टीपर्यंत मी सगळ्यांची मावशी झाले होते.

६ मार्च

काम समजलं. खेळातल्या जगात एक धर्मसभा भरते आणि ठरवते की प्रार्थना पुजाऱ्यानेच म्हणायची, बाकीच्यांनी गप्प राहायचं. हा ठराव फेटाळला गेला असता तर? मग मोठ्याने प्रार्थना करणाऱ्यांचा पंथ निघाला असता. तो मी घडवायचा. नाव दिलं बोलका पंथ.

पंथासाठी एक तक्ता भरायचा असतो. जेवण झाल्यावर काय करतात, पाहुण्याला निरोप कसा देतात, असं. मग जेवणाच्या सुट्टीत यंत्र चाळीस मिनिटांत चारशे वर्षं चालवतं आणि कोण तगलं, कोण संपलं ते सांगतं. हे सगळं ज्याच्या हातात आहे त्याला सगळे आकडेवाला म्हणतात. तो म्हणाला, मावशी, देव तुम्ही बघा, माणसं किती मरतात ते मी बघतो.

७ मार्च

पहिल्या दोन ओळींवर तासभर अडले. पुस्तकातलं उचलायचं नाही अशी अट आहे. शेवटी ह्यांचंच लिहिलं. जेवण झालं की हे पेला पालथा घालून ‘पोहोचलं’ म्हणायचे. एकतीस वर्षं. मी चिडवायचे, कुठे पोहोचलं, टपालाने का? आणि पाहुणा वळणाआड दिसेनासा होईपर्यंत हे दारातून हलायचे नाहीत. आत दूध उतू गेलं तरी.

लिहून बरं वाटलं. कुठेतरी राहतील.

चाचणीत पंथ साठ वर्षांत संपला. आकडेवाला म्हणाला, तुमची माणसं नुसती बोलतात हो, लढत कुणीच नाही.

१० मार्च

शुक्रवारचं पान वाचलं. पेला पालथा? दारात उभं राहणं? मला यातलं काहीच आठवत नाही. अक्षर माझंच आहे.

लेकीला विचारलं. म्हणाली, बाबा असं कधी करायचे? स्वप्न पडलं असेल तुला.

जानेवारीची वही काढली. त्यात आहे की लेक राहायला आली होती, जेवण झाल्यावर तिने बाबांसारखा पेला पालथा घातला आणि आम्ही दोघी रडलो.

११ मार्च

आकडेवाल्याला म्हटलं, त्या दोन ओळी काढून टाक. म्हणाला, चाचणी झाली की तक्ता कुलूपबंद होतो, नवीन ओळी तेवढ्या जोडता येतात. का काढायच्या ते मी सांगितलं. तो हसला नाही. माझ्यासाठी चहा घेऊन आला. हसला असता तर बरं झालं असतं.

पंथ संपला की त्यात घातलेलं माझ्यातून आणि लेकीतूनही जातं. म्हणजे पंथ जगवायला हवा. तक्ता भरेल तसा पंथ टिकतो.

१३ मार्च

मनाने रचून चार ओळी घातल्या. वीस वर्षंही टिकला नाही. यंत्राला खरंखोटं कसं कळतं?

१४ मार्च

ह्यांची शीळ घातली. दाढी करतानाची ती तीन सुरांची. तीनशे दहा वर्षं टिकला. थोडक्यात गेला.

आता ‘तीन सुरांची’ एवढं इथे लिहिलेलं आहे. सूर कोणते, ते नाही.

१७ मार्च

एकच ओळ रिकामी आहे. मूल जन्मल्यावर काय करतात.

घालायची नव्हती. पण नाही घातली तर उद्या काय जाईल कोण जाणे. घातली. लेक झाली तेव्हा ह्यांनी तिला हातात घेऊन आपलं पूर्ण नाव सांगितलं होतं, गावासकट, नवीन माणसाला ओळख करून द्यावी तसं. दवाखान्यातल्या बायका हसल्या होत्या.

चारशे वर्षं! पंथ जगला. आकडेवाल्याने टाळ्या वाजवल्या. मी लगेच लेकीला फोन केला. गोष्ट तिला आठवत होती. मलाही आठवते. आज जेवले नीट.

१९ मार्च

प्रमुखबाईंनी सगळ्यांना बोलावलं. खेळ जड झालाय, छोटे पंथ काढायचे. यादीत बोलका पंथ पहिला. मी म्हटलं, हवं तर माझा पगार घ्या. हात जोडले. त्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, मावशी, काम आहे हे, इतकं जीवाला लावून घेऊ नका. पुढचा पंथ याहून सुंदर करा.

उद्या दुपारी काढणार.

घरी येऊन लिहीत सुटले आहे. ह्यांचे हात रुंद. डाव्या भुवईत खूण. रागावले की घड्याळाला किल्ली देत बसायचे. आणखी — आणखी काय —

२० मार्च

आकडेवाल्याच्या टेबलाशी उभी होते. म्हटलं, नको रे. तो म्हणाला, माझ्या हातात नाही, मावशी. बोट त्याचंच होतं.

एक कळ दाबली. आवाजही —

२१ मार्च

भिंतीवर एका माणसाचा फोटो आहे. चेहरा चांगला आहे. कुणाचा ते —

वही दोनदा वाचली. ‘हे’, ‘हे’ असंच लिहिलंय सगळीकडे. नाव कुठेच नाही. मी नाव का नाही लिहिलं? नवऱ्याचं नाव लिहायला काय —

फोनमध्ये ‘लेक’ म्हणून एक नंबर आहे.

मला लेक —

२२ मार्च

लावला. एका बाईने उचलला. म्हटलं, तुमचा नंबर माझ्याकडे आहे, कशासाठी ते आठवत नाही. ती म्हणाली, चुकून लागला असेल. पण फोन ठेवला नाही. मीही नाही. मग हळूच म्हणाली की हा नंबर तिच्याकडेही आहे, कालपासून ती त्याच्याकडे बघत बसलीये, आणि त्याच्यापुढे नाव म्हणून —