सुटकेच्या खिडकीवर कूलर

वाडी, नागपूर
डिसेंबर १९८३

व्याहीबुवा बापूजी यांना नानाजीचा मनापासून जयभीम.

तुमचे गुडघे, विहीणबाईंचा दमा आणि पारशिवनीची थंडी, तिन्ही आटोक्यात असतील असं धरून चालतो. मी ठीक आहे (म्हणजे मला कोणी विचारत नाही). आगीची हकीकत तुम्ही पुष्पलताकडून ऐकलीच असेल. सूनबाई खोटं बोलत नाही, पण माझी बाजू सांगायची वेळ आली की तिला नेमका खोकला येतो.

मागल्या वर्षी शेजारच्या वच्छलाबाईंचं पोर वरच्या खिडकीतून पडलं आणि गेलं. साऱ्या चाळीने खिडक्यांना गज ठोकून घेतले. मी म्हटलं, आग लागली तर? खाली बारदान्याचं गोदाम, जिना एकच. म्हणून मी दारासारखी बाहेर उघडणारी ग्रिल करवून घेतली. कडी आतून, आपल्या नातीचा, कौशल्याचा, हात पोचणार नाही इतकी उंच. थंडीत सगळ्यांकडून बाहेर पडायचा सरावही करून घेतला. (आमची मंडळी, रंभा, अर्ध्यात अडकली, पण तो दोष आराखड्याचा नव्हता.) मग होळी झाली आणि नागपुरात घरोघरी होतं तेच झालं. त्याच खिडकीबाहेर मी स्वतः कूलर बसवला, कारण वारा येणारी खिडकी ती एकच. बोल्ट असे आवळले की वादळातही हलू नये.

मे महिन्यात गोदाम पेटलं. जिन्यात धूर भरला. मी ऐटीत कडी काढली. ग्रिल बोटभर उघडली आणि कूलरला टेकली. खालून लोक ओरडत होते, "खिडकी खोला ना जी, काहून थांबून राहिले?" शेवटी एका ट्रकवाल्याने ट्रक भिंतीशी लावला, टपावर चढला आणि लोखंडी सब्बलीने कूलर उपटला. टाकीतलं सगळं पाणी त्याच्या डोक्यावर, आणि कौशल्या त्याच्या हातात. तोवर पोरगी धुराने बेशुद्ध झाली होती. बापूजी, तेव्हा मी जो घाबरलो तो अजून घाबरलेलाच आहे.

पुष्पलता बऱ्या झालेल्या पोरीला घेऊन दवाखान्यातून थेट तुमच्याकडे आली. निघताना एवढंच म्हणाली, "मामाजी, तुमची खिडकी तुमच्यापाशीच ठेवा. मले नाही पाहिजे." तिचं बरोबर आहे. (रविंद्र तिकडे येऊन जातो, पण परतल्यावर बापाशी फक्त थंडीविषयी बोलतो.) कूलर भंगारात दिला. आता त्या खिडकीपाशी मी बादलीसुद्धा ठेवू देत नाही.

तुमचा,
नानाजी

ता. क. खरं काम राहिलंच. ओढाताणीत कडी तुटली, नवी बसवायची आहे. पोरगी तिकडे वाढली असेल. तिला हात वर करायला लावून सुतळीने माप घ्या आणि सुतळी पाठवा.

पुन्हा ता. क. सुतळी राहू द्या. दोघींनाच घेऊन या. घरात लेकरूच नाही, तर कडी कितीही उंच लावली तरी काय!