सतरा लॉक आणि मी

२ फेब्रुवारी, सोमवार
तळवड्याच्या या कंपनीत अखेर माझ्या लायकीचं काम आलं. आम्ही पत्रा ठोकणारी प्रेस मशीन चालवणारे कंट्रोलर बनवतो. चाकणच्या एका कारखान्याची तक्रार आहे : नव्या कंट्रोलरला चार कोर, म्हणजे चार मेंदू, तरी एका कोरचा जुना बरा होता. रोहिदास सरांनी मीटिंगमध्ये विचारलं, कोण बघतंय? मी म्हणालो, कर्नेलमधल्या, म्हणजे सॉफ्टवेअरच्या गाभ्यातल्या, लॉकचा प्रॉब्लेम आहे, आठवड्यात उडवतो. हे झालं की टीम लीडची खुर्ची माझीच. ज्युनिअर हर्षालीलाही सोबत दिलंय. असू दे. शिकेल.

३ फेब्रुवारी
बायकोला, पूनमला, सोप्या भाषेत समजावलं. घरात माणसं चार, बाथरूम एक. एकजण आत गेला की आतून कडी. बाकीचे तिघं खांद्यावर टॉवेल टाकून बाहेर उभे. माणसं म्हणजे कोर, ती कडी म्हणजे लॉक. ती म्हणाली, "म्हणजे तुम्ही आत असता तसं."
घरी टेक्निकल विषय बंद.

५ फेब्रुवारी
हर्षाली म्हणते, आधी मोजू. लॉक कोण धरतंय, किती वेळ धरतंय. म्हटलं, जाणता वैद्य नाडी बघतो, एक्स-रे काढत बसत नाही. तरी तिने मोजलंच, आणि ग्राफ मेल केला. सवडीने बघीन.

९ फेब्रुवारी
संकल्प : एका मोठ्या लॉकचे सतरा छोटे लॉक. सतराच का? सोळा झाल्यावर अजून एक सुचला.
ग्राफ उद्या नक्की.

१३ फेब्रुवारी
माझ्या लॅपटॉपवर सुसाट! हर्षालीने विचारलं, "सर, खऱ्या कंट्रोलरवर चालवून पाहिलं?" कंट्रोलर तिच्या टेबलावर असतो. मागितला असता तर मागितल्यासारखं दिसलं असतं.
तिचं आणखी एक टुमणं. लॉक सगळ्यांनी एकाच क्रमाने घ्यायला हवेत. नाहीतर एकजण पहिला लॉक धरून दुसऱ्या लॉकसाठी थांबणार, दुसरा लॉक धरलेला पहिल्यासाठी, आणि दोघं जन्मभर तिथेच. म्हटलं, असं लाखात एकदा होतं.
"सर, हे लॉक मिनिटाला काही लाख वेळा घेतले जातात."
स्वभावच निगेटिव्ह.

१८ फेब्रुवारी, चाकण
डेमो. सरांनी वाटेत दोनदा सांगितलं की पुढची ऑर्डर आजच्या दिवसावर आहे. म्हटलं, निवांत बसा.
मेंटेनन्सचे प्रमुख ज्योतीराम भेटले. इथल्याच गावचे, शेती सांभाळून कंपनी करतात. प्रेस अशी काही धावली की ते म्हणाले, "राव, पळतंय की!" सर हसले. चहा आला. मी सतरा लॉकची थिअरी सांगायला घेतली.
सातव्या लॉकवर आलो आणि स्क्रीन थिजला. प्रेस हवेतच थांबली. मागोमाग सगळी लाइन. कामगार हाताची घडी घालून माझ्याकडे बघायला लागले.
मी ज्योतीरामना समजावलं, काही बिघडलेलं नाही. आतली दोन कामं फक्त एकमेकांची वाट बघतायत.
ते म्हणाले, "आमी बी तेच करतोय. पहिलं हळू का व्हईना, चालत तरी हुतं."
परतीच्या वाटेत सर माझ्याकडे पाठ करून खिडकीबाहेर बघत बसले. मन भरून आलं असावं.

१९ फेब्रुवारी
हर्षालीने माझे सतरा लॉक काढून जुना एक परत घातला. प्रेसच्या प्रत्येक ठोक्याची नोंद मेमरी कार्डवर लिहिली जात होती, तीही लॉक धरून. कार्ड संथ, म्हणून बाकीचे कोर ताटकळत. तिने नोंद लिहिणारी कोडची ती एक ओळ लॉकच्या बाहेर नेली. झालं. चाकणहून फोन आला, मशीन पळतंय, ऑर्डर पक्की.
एक ओळ! याला काय इंजिनिअरिंग म्हणतात?
ग्राफ उघडला. ही ओळ त्यात लाल रंगात होती. मोठ्या अक्षरात हवी होती.

२३ फेब्रुवारी
सरांनी दोघांना केबिनमध्ये बोलावलं. हर्षाली टीम लीड. मला चाकणला, ग्राहकाच्या सेवेत, पुढील सूचनेपर्यंत. पूनमला सांगितलं, फील्डची मोठी जबाबदारी आलीय. तिने डबा मोठा घ्यायचा का एवढंच विचारलं.

२४ फेब्रुवारी, चाकण, सकाळची शिफ्ट
ज्योतीरामांनी प्रेमाने स्वागत केलं. प्रेसजवळ खुर्ची मांडली, रुमालाने पुसली, फॅन माझ्याकडे वळवला. सुधारणेच्या माझ्या तीन कल्पना सांगितल्या. त्यांनी शांतपणे ऐकल्या. मग म्हणाले, "साहेब, तुमी फकस्त कशाला हात लावू नका."
बसलोय.