मूल नसलेल्या बाळंतिणीचं तेलपाणी

आक्का, आज दुपारपासून माझा उजवा अंगठा वळत नाही. तेलाची वाटी हातातून निसटली, सुनेनं फरशी पुसली, आणि मी खुर्चीत बसून तुम्हाला लिहायला घेतलं. तुम्हाला वाचता येत नव्हतं, आणि तुम्हाला जाऊनही आता पंचेचाळीस वर्षं होत आली. हा कागद कुठं जायचा नाही, हे मला ठाऊक आहे. तरी लिहिते, कारण सकाळी दोन बायकांच्या पाठी चोळल्या आणि दोघींशी काय बोलले ते आता काही केल्या आठवत नाही. पण तुम्ही आमच्या दारात आलात तो दिवस मात्र लख्ख आठवतो.

मी एकोणीस वर्षांची होते. लढाई संपून वर्ष झालं होतं, तरी माझा नवरा एकदा सुट्टीवर येऊन परत तिकडं सरहद्दीवरच होता. रहिमतपुरात घरोघरी बाळंतिणीला तेल लावायला तुम्हीच जायचात, माझ्यासाठीही सासूबाईंनी तुम्हाला आधीपासून सांगून ठेवलं होतं. मुलगी झाली ती मेलेलीच झाली. सासूबाईंनी लगेच निरोप धाडला, आता यायचं काम नाही. तिसऱ्या दिवशी तरी तुम्ही आलात. सासूबाई दारातच म्हणाल्या, "आवं, पोर न्हाई राहिलं. निरोप दिला हुता की. आता कशापायी आलासा?" तुम्ही चपला काढत म्हणालात, "पोर न्हाई राहिलं, पर ही बाळत झाली न्हवं? हिचं अंग काय खोटं बाळत झालंय व्हय?" सासूबाई दारातून बाजूला झाल्या. थोड्या वेळानं न्हाणीतल्या चुलीत लाकडं सरकवल्याचा आवाज आला.

मी तोवर रडले नव्हते. मान आखडून दगड झाली होती, श्वास गळ्याच्या खाली उतरत नव्हता. त्यात दूध यायला लागलेलं. चोळी भिजली की मी गोधडी ओढून घेऊन भिंतीकडं तोंड करायची, चोरी केल्यासारखी. तुम्ही ते पाहिलंत आणि काही विचारलं नाहीत. कुठूनशी ओंजळभर मोगऱ्याची फुलं आणलीत, फडक्यात घालून छातीला बांधलीत, म्हणालात, "दूध आपसूक आटंल. त्याला काय कळतंय, प्यायाला कोण न्हाई म्हणून." एवढंच. मग तेल लावायच्या आधी बेंबीखाली तळहात ठेवून बसलात.

"हितं हात लागतुय माजा?"

"लागतुय."

"मग श्वास हितपत्तूर येऊ दे. ओढू नगंस. येतुय तेवढाच येऊ दे."

तो आला नाही. तुम्ही म्हणालात, "ऱ्हाऊ दे. उद्या." आणि पायांकडं वळलात. रोज तसंच. आधी तळवे, मग पोटऱ्या, मग कंबर, आणि शेवटी बेंबीखाली तो हात. तुमचे तळहात खरखरीत होते, पण दाब असा की अंगाला वाटावं, आपल्याला कुणीतरी विचारून मग हात लावतंय. नवव्या दिवशी तुमचा अंगठा पाठीत फासळ्यांच्या खाली टेकलेला आहे, दुसरा हात पोटावर आहे, आणि श्वास एकदम खाली घसरतो, थेट तुमच्या हातापर्यंत. त्याच्याबरोबर एक आवाज निघतो. गाय हंबरावी तसा. तो माझा आहे हे मला आधी कळतच नाही. सासूबाई धावत येतात, "काय झालं? काय झालं?" तुम्ही मान न उचलता म्हणता, "काय न्हाई. श्वास खाली गेला तिचा." रड म्हणाला नाहीत, गप म्हणाला नाहीत. हात काढला नाहीत. मी दिवस मावळेपर्यंत झोपले, आणि उठल्यावर मान वळली. दुःख गेलं असं नाही, आक्का. ते अजूनही आहे. पण त्याला अंगात बसायला जागा झाली, आणि मला उठून घागर उचलता आली. तुम्ही सव्वा महिना पुरा केलात, एक दिवस चुकवला नाहीत.

मग मीच तुमच्या मागं लागले, मला शिकवा म्हणून. "शिकवायचं काय त्यात? हात ठेव आन् गप ऱ्हा," म्हणालात. दोन वर्षं तुमच्या मागून हिंडले, आणि त्यातलं हात ठेवणं तेवढं शिकले. गप राहणं शिकायला माधवनगर लागलं. नवरा फौजेतून सुटून तिथल्या गिरणीत वॉचमन झाला, आम्ही खोली घेतली, आणि मी गिरणीतल्या बायकांचे खांदे चोळायला लागले. तुम्ही पॅसेंजरनं आठ दिवस राहायला आलात, तेव्हा गिरणीत सुताच्या कांड्या भरणारी एक बाई यायची. तिचा उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. वेणीसुद्धा शेजारीण घालायची. माझ्या हाताखाली ती एकाएकी हुंदके द्यायला लागली. मी घाबरून म्हणाले, "रडू नका बाई, हुईल सगळं बरं." ती गप झाली, पदर सावरून निघून गेली. तुम्ही कोपऱ्यातून म्हणालात, "तू का घाबारलीस?"

"ती रडत हुती म्हणून."

"रडू दे की. श्वास वाटंला लागला हुता तिचा, तू मधी बोलून अडीवलास. तुला तिचं रडं सोसंना, म्हणून गप केलंस तिला. ते तिच्यापायी न्हवं, तुज्यापायी."

मला लय राग आला. रात्रीचं जेवण मी पाठ करून वाढलं. पण दुसऱ्या दिवशी ती बाई पुन्हा आली तेव्हा मी ओठ मिटून ठेवले. ती किती वेळ रडली कुणास ठाऊक. तुम्ही परत गेल्यावर महिन्याभरानं ती मला नळावर दिसली, दोन्ही हात डोक्यामागं नेऊन स्वतःचा अंबाडा घालत होती. तुम्हाला कळवीन म्हणाले, आणि राहिलं. पुढं तुम्ही गेल्याचं मला पंधरा दिवसांनी समजलं, तेही बाजारात भेटलेल्या गावाकडच्या माणसाकडून.

आता मी दमले आहे. हात चालतात, मन भाजीत आणि रेशनात असतं, आणि पालथं झोपलेल्या माणसाला ते कळत नाही. गेल्या महिन्यात सांगलीत शरीर आणि श्वास शिकवणाऱ्या एका वर्गात मला बोलावलं. रंगीत चटया, वह्या घेऊन बसलेल्या शिकलेल्या मुली. मला शाल दिली. एकीनं विचारलं, "मावशी, हे तुम्हाला कुणी शिकवलं?" सगळ्यांचे पेन थांबले. तुमचं सांगायचं तर हेही सांगावं लागलं असतं, की बाळंतिणीच्या अंगाला चालणारे तुमचे हात आमच्या घागरीला चालत नव्हते. तुम्ही ओंजळ धरायचात आणि आम्ही वरून पाणी ओतायचो. सासूबाई ओतायच्या, आणि मीही ओतलं. मी म्हणाले, "आमच्या घरातच होतं ते. सासूबाईंकडून आलं." मुलींनी लिहून घेतलं.

घरी येताना मनाला समजावलं, की दमले होते, एवढं सगळं सांगत कोण बसणार. ते खोटं नाही. पण आक्का, मला लाज वाटली, आणि ती आमच्या घराची नव्हे, तुमची वाटली.