चाळिसाव्या दिवसापर्यंत

२० एप्रिल, रविवार
अण्णा सकाळीच मंडी मोहल्ल्यातल्या प्रार्थनेला जाऊन आला. वर आपल्या खोलीत न जाता सरळ माझ्या स्वयंपाकघरात. म्हणाला, "सुमे, तो उठला ग." आज त्यांचा ईस्टर, येशू मेलेल्यातून उठला तो दिवस. मी उप्पिट्टाला पाणी ठेवत होते. बरं, म्हटलं.
अण्णाच्या बायकोला, वत्सलावहिनीला, जाऊन दीड वर्ष झालं. शेवटच्या महिन्यात तिकडचे पास्टर रोज दवाखान्यात येऊन तिच्या उशाशी बसायचे. तेव्हापासून अण्णा त्यांच्याकडं जातो. घरात खंडोबाचा टाक आहे, त्याची पूजा मी करते. तो अडवत नाही, मीही नाही.

२४ एप्रिल, गुरु.
मुतखडा असेल म्हणून अण्णाचा स्कॅन केला. खडा नाही. पोटातली मोठी रक्तवाहिनी फुगलीय, फुग्यासारखी. डॉक्टर तरुण आहेत, कन्नडात सावकाश समजावलं. उद्या फुटेल की वर्षभर फुटणार नाही, सांगता येत नाही. पण फुटली तर इथं आणायलाही वेळ मिळणार नाही. या आठवड्यातच ऑपरेशन करा.
अण्णा म्हणाला, "आयतु, बरं. २९ मे नंतर करू."


२५ एप्रिल
भांडले. काही उपयोग नाही. त्याचं म्हणणं — येशू उठल्यावर चाळीस दिवस आपल्या माणसांत राहिला. त्यांच्याबरोबर जेवला, जखमा दाखवल्या. मग वर गेला. तो चाळिसावा दिवस २९ तारखेला, गुरुवारी. त्या दिवशी ह्याचा बाप्तिस्मा ठरलाय.
"आधी ऑपरेशन कर, मग घे बाप्तिस्मा."
"काही उलटंसुलटं झालं आणि मी बाप्तिस्म्याआधी टेबलावरच गेलो तर?"
चौतीस वर्षं मी शाळेत गणित शिकवलं. बोटांवर २९ मेपर्यंतचे दिवस मोजले, तेही चौतीस.

४ मे
आज कळलं खरं कारण. वहिनीचं कपाट आवरत होता. मी दारात उभी. पाठमोराच बोलला.
"वत्सला कुठं असेल, सुमे? तिनं तर बाप्तिस्मा घेतला नव्हता. पास्टरना विचारलं. ते म्हणाले, देवालाच ठाऊक. मग मला वाटलं, दुसऱ्याला कशाला विचारायचं? येशू मेलेला असता तर फोटोशी बोलल्यासारखं झालं असतं. पण तो जिवंत आहे. देहासकट वर गेलाय, पित्याच्या उजवीकडं बसलाय, हाताच्या जखमा तशाच. म्हणजे मेल्यावर त्याच्यासमोर उभं राहून विचारता येतं."
मी म्हटलं, "आणि ऑपरेशन नीट झालं तर?"
वळून बघितलं माझ्याकडं. हा विचार त्यानं केलाच नव्हता. तोंडावर स्पष्ट दिसलं.


११ मे
न सांगता पास्टरना भेटून आले. पहिल्यांदाच त्या हॉलमध्ये पाय ठेवला. प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर कन्नड वचनं. सगळं ऐकून घेतलं त्यांनी. म्हणाले, "अम्मा, तो वर बसून आपल्यासाठी विनवणी करतो. आपण लवकर निघून यावं म्हणून नाही बसला."
संध्याकाळी पास्टर घरी आले. अण्णाला म्हणाले, गुरुवारची गरज नाही, उद्याच बाप्तिस्मा देतो, परवा ॲडमिट व्हा. हात जोडले चक्क.
अण्णा: "बेडा, नको. तो वर गेला त्याच दिवशी."
जाताना पास्टर जिन्यात थांबले, चष्मा पुसला. मी त्यांना गेटपर्यंत सोडलं.

१९ मे
वहिनीच्या साड्या वाटून झाल्या. आज मला बसवून गॅसचं पुस्तक, घराची कागदं, पाण्याच्या टाकीचा व्हॉल्व्ह सगळं दाखवलं. मी बघितल्यासारखं केलं.
जिना चढताना भिंत धरतो. विचारलं तर, "काही नाही, सुम्ने. वात आहे." पाठीला मलम लावून दिलं. उताणा झाला तेव्हा शर्टाआत पोट उडताना दिसलं. नाडीसारखं. मी बोटं ठेवली आणि काढून घेतली.
दहा दिवस राहिले. तो आनंदात आहे. तेच बघवत नाही.

२६ मे, सोम.
सकाळी साडेनऊला वर धप्प आवाज. बाथरूममध्ये पडलेला, घामानं निथळत, पांढराफटक. ॲम्ब्युलन्स वीस मिनिटांत आली. डॉ. म्हणाले रक्त झिरपायला लागलंय, अजून पूर्ण फुटलेली नाही. लगेच आत घेतो.
ट्रॉलीवर त्यानं माझा पदर धरला. "पास्टर."
आले स्कूटरवरून, चप्पल वेगवेगळी घालून. नर्स म्हणाली दोन मिनिटं. माझ्याच बाटलीतलं पाणी, तीनदा कपाळावर. बाटली मी धरली होती. जरा जास्त कलली, पाणी त्याच्या कानात गेलं.
अण्णा पुटपुटला, "आज गुरुवार नाही."
"तो वार बघत नाही, अण्णा," पास्टर म्हणाले.
अण्णाला ते पटलं नाही. मला कळतं त्याचं तोंड. आत गेला तो तसाच, काहीतरी अर्धं राहिल्यासारखा.
सही मी केली.

२७ मे
पाच तास चाललं काल. फुगलेल्या जागी नळी बसवली. डॉ. म्हणतात आमचं काम झालं, आता शरीरानं साथ द्यायला हवी. मूत्रपिंडं काम करत नाहीत. व्हेंटिलेटर. शुद्ध नाही.

२८ मे
तसाच. झोपेचं औषध थांबवून बघितलं तरी डोळे उघडत नाही. डॉ.ना विचारलं, त्याला जगायचंय की नाही यानं फरक पडतो का? म्हणाले, आमच्याकडं ते मोजायचं यंत्र नाही.

२९ मे, गुरु.
पास्टर दुपारी उपासना आटोपून आले. बाकावर शेजारी बसले, दोघांत एक इडली खाल्ली.
चारला पाच मिनिटं आत सोडलं. नर्स म्हणाली बोला, कधी कधी ऐकू जातं. काय बोलायचं ठरवलंच नव्हतं. थांब म्हणायला हवं होतं. कानाशी वाकले आणि तोंडून निघालं, "अण्णा, आज गुरुवार आहे."
पापणी हलली. मी बघितली. लगेच वरच्या मॉनिटरवरचे आकडे भराभर चढले, मशीन वाजायला लागलं. नर्सनं मला बाजूला सारलं, दोघं-तिघं धावत आले, पडदा ओढला.
बाहेर बसून हे लिहितेय. पास्टर उभे आहेत, डोळे मिटून. विचारलं त्यांना, मी सांगायला नको होतं का?
आत मशीनचा आवाज आता थांबलाय. कोणी बाहेर आलेलं नाही.