काळ्याच्या सहा बाटल्या आणि आईचा रंग

हिमायतनगर, हैदराबाद
रविवार, दुपारी चहाच्या आधी

तीर्थरूप उमाजीमामा यांना बबलूचा गुडघे टेकून नमस्कार (उठवायला बायकोला, त्रिवेणीला, हाक मारावी लागते, पण नमस्कार पुरा होतो).

तुमचा गुडघा कसा आहे? उदगीरच्या नव्या डॉक्टरने दिलेला पट्टा पायाला बांधता, की खुंटीला? मामींचा खोकला थांबला का? इकडे सर्व खुशाल. आईची तब्येत उत्तम, भूक उत्तम आणि राग अतिउत्तम. माझी दहाही बोटं काळी झाली आहेत, पण तो आजार नव्हे, शाई आहे. तीच हकीकत सांगायला हे पत्र. फोनवर सांगितली असती, पण मुद्द्यावर येईपर्यंत तुम्ही "बरं बरं, ठेवतो" म्हणून मोकळे होता.

पुढच्या महिन्यात आईला ऐंशी पुरी होतात. काय पाहिजे म्हणून विचारलं. साडी नको, सोनं नको, काशी नको. म्हणाली, "मला माझा फोटो पायजे. माझा." आता आईचा तरुणपणचा फोटो एकच, बासष्ट वर्षांपूर्वी तुम्ही तिला नुमाइशीचं प्रदर्शन दाखवायला इकडे आणलंत तेव्हा नामपल्लीच्या स्टुडिओत काढलेला, स्थळांना दाखवायचा. तो आमच्या हॉलमध्ये आहेच. त्यात ती इतकी गोरी आहे की कपाळ कुठे संपतं आणि मागचा पडदा कुठे सुरू होतो हे फक्त केसांमुळे कळतं. तो पाहून आमच्या आजीने होकार दिला आणि नवरी दारात आल्यावर विचारलं, "फोटोतली कुठं राहिली?" एकदा विचारलं असतं तर हसण्यावारी गेलं असतं. आजी एकोणीस वर्षं विचारत होती, पाहुण्यांसमोर आवर्जून. लहानपणी मला खरंच वाटायचं की आपल्याकडे यायला निघालेली आणखी एक बाई वाटेत कुठेतरी अडकली आहे. थोडक्यात, आईला हवा होता तो पोचलेल्या बाईचा फोटो.

तिच्या ट्रंकेत खाकी पाकिटात त्या फोटोची निगेटिव्ह निघाली. मी ती स्कॅन करून स्क्रीनवर मोठी केली तर चेहराभर पेन्सिलीच्या बारीक रेघा! शेकडो. मामा, निगेटिव्हवर काळं केलं की फोटोत गोरं होतं. स्टुडिओवाले तेव्हा टोकदार शिसपेन्सिल घेऊन मुली उजळ करत बसायचे म्हणे. (इतके कष्ट त्यांनी शाळेच्या वहीवर घेतले असते तर कलेक्टर झाले असते.) मी स्पिरिटचा बोळा हलकेच फिरवला आणि आईचा सगळा गोरेपणा काळा होऊन कापसावर आला. तो कापूस तिला नेऊन दाखवला. ती बघत राहिली आणि म्हणाली, "एवढासाच व्हता व्हय?" मला रडू आलं. मग मी शाईच्या मागे लागलो, कारण रडण्यापेक्षा ते बरं.

घरच्या प्रिंटरवर फोटो छापला. हा प्रिंटर काळ्या-पांढऱ्या फोटोतला करडा रंगसुद्धा लाल, निळं, पिवळं कालवून बनवतो, त्यामुळे आई खिडकीपाशी गुलाबी आणि ट्यूबलाइटखाली शेवाळी दिसू लागली. स्वयंपाकघरात तर ती आजारी होती. तेव्हा दिलसुखनगरला गौतमकडे गेलो. प्रिंटर दुरुस्त करणारा हा माणूस शाईबद्दल सोनाराच्या आवाजात बोलतो. मी म्हटलं, काळी शाई द्या. तो चष्मा वर करून म्हणाला, "काले में बी बहुत काले हैं साब. आपकू कौनसा होना?" तेहतीस वर्षं पाणीपुरवठ्यात काढल्यामुळे मला पाण्याचे प्रकार माहीत, काळ्याचे नाहीत.

त्याचं म्हणणं असं, की प्रिंटरातले सगळे रंग हाकलून द्यायचे आणि सहाही कप्प्यांत काळीच शाई भरायची, एकात दाट, दुसऱ्यात जरा पातळ, असं करत शेवटची अगदी ताकाच्या निवळीसारखी. कप्पे इवलेसे असतात म्हणून शेजारी मोठ्या बाटल्या ठेवायच्या आणि नळ्यांनी शाई आत न्यायची, सलाइन लावल्यासारखी. आणि ही शाई कशाची? तर काजळीची! हे आईला सांगितलं मात्र, तिने माझ्याकडून फोन हिसकावून गौतमला विचारलं, "तेल कौनसा जलाते तुम?" एरंडेलाचं काजळ वेगळं, तिळाचं वेगळं, हे त्या दोघांचं वीस मिनिटं चाललं होतं. मला जेवण उशिरा मिळालं, पण इतकं ज्ञान मला एका दुपारी कधी मिळालं नव्हतं.

तेव्हापासून मला एकच छंद लागला आहे. आपल्या भाषेत मुलीच्या रंगाला किती शब्द आहेत? गोरी, निमगोरी, गव्हाळ, सावळी, आणि त्यापुढचे कुणी लिहीत नाही. म्हणजे आपल्याकडेही बाटल्या होत्या, पण सगळी गिऱ्हाइकं 'गव्हाळ'चीच. गहू कोणता, हे विचारायची सोय नाही. आणि मामा, तुमच्या रानात तर पिढ्यान्‌पिढ्या ज्वारी!

असो. सहा बाटल्या आणल्या आणि शोभा दिसावी म्हणून प्रिंटरच्या वरच्या फळीवर मांडल्या. बाटल्या प्रिंटरच्याच पातळीवर ठेवा, असं गौतमने तीनदा बजावलं होतं. पण उंचावरच्या टाकीतलं पाणी आपोआप खाली येतं, हे ज्याने जन्मभर लोकांना समजावलं त्याला ते कोण शिकवणार? आम्ही देवळात जाऊन आलो तोवर सहाही काळे हळूहळू खाली उतरून प्रिंटरच्या पोटातून टेबलावर, टेबलावरून त्रिवेणीने निवडून ठेवलेल्या मेथीवर आले होते. त्रिवेणी काही बोलली नाही. (ती बोलत नाही तेव्हा मी बाहेरून इडली आणतो.)

पुन्हा शाई मागवली, या वेळी कुरियरने. कुरियरवाला आला तेव्हा आम्ही घरी नव्हतो, म्हणून पार्सल शेजारच्या पद्मावतीगारूंनी घेतलं. त्या तेलुगूच्या निवृत्त शिक्षिका. सगळं शहर शाईला इंक म्हणतं, पण या बाई शुद्ध बोलणार. त्यांचा मेसेज आला, इंग्रजी अक्षरांत: "मी सिरा वच्चिंदी, फ्रिज लो पेट्टानु." म्हणजे तुमची शाई आली, फ्रिजमध्ये ठेवली (खोक्यावर 'थंड जागी ठेवा' असं छापलं होतं). त्रिवेणीने वाचलं 'शिरा'. त्यांच्याकडे त्या दिवशी सत्यनारायण होता, तेव्हा शंकेला जागाच नव्हती. तिने उलट कळवलं की फार उपकार झाले, सकाळी गरम करून आईंना देते, त्यांना तूप घालून फार आवडतो.

दोन मिनिटांत बाई दारात. पार्सल छातीशी घट्ट, श्वास वर. "इदि तिनेदि कादंडी!" हे खायचं नाही हो! आम्ही म्हणतोय, द्या ना, थोडाच खाणार आहोत. त्या मागे मागे सरकताहेत. शेवटी आईनेच उलगडा केला आणि हसता हसता खुर्चीत कलंडली. इतकी हसलेली मी तिला आजी गेल्यापासून पाहिली नव्हती. (म्हणजे आजी गेली त्या दिवशी हसली होती असं नव्हे. गैरसमज नसावा.) दुसऱ्या दिवशी त्यांनी खराखुरा शिरा पाठवला, वर चिठ्ठी: तिनंडी. खा.

आता प्रिंटर शहाण्यासारखा चालतो. चित्र असं उमटतं मामा, की पदराची एकेक चुणी मोजावी. फक्त एक अडचण आहे. आईचा चेहरा मी पाच प्रकारे छापला, उजळापासून काळ्यापर्यंत, आणि पाचही खरे वाटतात. पेन्सिल पुसली तरी उजेड किती होता, फिल्म कशी होती, कोण सांगणार? काजळीला विचारून उपयोग नाही, ती सांगाल तसं छापते.

मामींना नमस्कार. पट्टा बांधा.

आपला भाचा,
बबलू (वय वर्षे एकसष्ट)

ता. क. — खरं काम राहिलंच. सोबत त्या पाच चेहऱ्यांच्या पट्ट्या पाठवतो आहे. आईला त्या वयात पाहिलेलं आता तुमच्याशिवाय कुणी उरलं नाही. जी खरी असेल तिच्यामागे पेन्सिलीने (नको, पेननेच) खूण करून उलटटपाली पाठवा.

दुसरा ता. क. — पत्र आईला वाचून दाखवलं. तिने पाकिटातून सगळ्यात काळी पट्टी काढून घेतली, "ही मी" म्हणाली आणि बटव्यात ठेवली. तेव्हा पाकिटात चारच आहेत आणि खुणेची गरज नाही. ती सांगते ते जसंच्या तसं लिहितो: "दादाला लिही, मी भाईर बाकावर बसले व्हते. दादा आत फोटोवाल्याला म्हनला, जरा उजळ करा, न्हाईतर हिला कोन करतंय. मला आयकू आलं व्हतं. राग न्हाई. ते बाबांनी सांगून धाडलं व्हतं, का दादालाच तसं वाटत व्हतं, तेवढं सांग म्हनावं."

तिसरा ता. क. — मामा, मला हे आजवर माहीत नव्हतं. ती म्हणते, उत्तर टपालाने नको, वाढदिवसाला ये आणि समोर बसून सांग. उत्तर काहीही असलं तरी या, असं मी म्हणतो. आई म्हणते, उत्तर घेऊनच ये.