लंबकाचा गडी बाद

तीर्थरूप मामांस,

साष्टांग नमस्कार. (आजचा नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ घातला आहे, कारण पुढे येईलच.) तुमची कंबर कशी आहे? दुकानात घड्याळं उघडून बसायला पाठीची खुर्ची घेतलीत का? मी मजेत आहे. अभ्यासही जोरात चालू होता, फक्त कॉलेजचा नव्हे.

झालं असं, की वसतिगृहात ज्याच्या त्याच्या मोबाइलवर सामन्यांवर पैसे लावायचं ॲप आलं, आणि मला वाटलं, गणितात डोकं चालणाऱ्या तुमच्या भाच्याने मागे का राहावं? त्या दिवसापासून मी असा अभ्यासाला लागलो, की दहावीलाही लागलो नव्हतो. कुठल्या देशाच्या गोलकीपरचा कुठला गुडघा दुखतो, हे मला तोंडपाठ. (डावा.) रसायनशास्त्राच्या पेपरात मात्र पहिल्या प्रश्नापासूनच कुणी ओळख देईना, आणि पन्नासपैकी नऊ पडले. गेल्या वर्षी याच विषयात मी वर्गात दुसरा होतो. तुम्ही ते गिऱ्हाइकांना उगाचच सांगत असायचात.

तेही निभावलं असतं. पण भौतिकीच्या प्रयोगात लंबकाची आंदोलनं मोजायची होती, तीही तुम्ही दिलेल्या स्टॉपवॉचने. माझा एक डोळा लंबकावर आणि दुसरा टेबलाखालच्या मोबाइलवर (सामना शेवटच्या षटकांत आला होता). वही तपासताना सरांनी दोनदा चष्मा पुसला. माझ्या तक्त्यात लंबकाला आधी चार सेकंद लागले होते, मग सहा, मग शून्य, आणि सातव्या रकान्यात सुवाच्य अक्षरांत 'गडी बाद'. सरांनी शांतपणे विचारलं, "लंबक पायचीत झाला की झेलबाद?" मी प्रामाणिकपणे सांगितलं, झेलबाद.

आता सोमवारी सकाळी दहाला घरचं कुणी मोठं माणूस प्राचार्यांना भेटलं नाही, तर मला परीक्षेला बसू देणार नाहीत. म्हणजे वर्ष गेलं. बाबांना सांगायची माझी छाती नाही. मामा, मला मनापासून लाज वाटते आहे. आईला शिकता यावं म्हणून तुम्ही कॉलेज सोडून दुकानात बसलात, हे तिनेच मला सांगितलंय, आणि मी काय केलं! ॲप काढून टाकलं आहे. यापुढे कशावरही एक पैसा लावणार नाही, शपथ. तुम्ही तेवढे या.

तुमचा भाचा

ता. क. १ : आईला 'सहज भेटून येतो' एवढंच सांगा.

ता. क. २ : मामा वेळेवर पोचणार की नाही, यावर आमच्या मजल्यावर पैज लागली आहे. (पैशांची नाही, म्हणजे शपथ शाबूत आहे. हरणाऱ्याने महिनाभर सगळ्यांच्या बादल्या भरायच्या.) माझ्या प्रवेशाला तुम्ही दुसऱ्या दिवशी उगवला होतात, हे कुणीतरी फोडलं, त्यामुळे अकराच्या अकरा जण 'नाही'वर आहेत. 'हो'वर मी एकटा. आजवर मी ज्यांच्या ज्यांच्यावर लावलं, त्यांत ओळखीचे असे तुम्हीच पहिले.